पीआयसीयूतल्या (लहान मुलांच्या अतिदक्षता विभागातल्या) लेकराला बेडसोअर होऊ नये म्हणून

मोठ्या माणसाला बेडसोअर, म्हणजे पडून राहून दाबानं होणारी जखम, होतो तो बहुधा माकडहाडावर. तान्ह्या बाळात मात्र आधी डोक्याचा मागचा भाग बघायचा. अंगाच्या मानानं डोकं जड, त्यात व्हेंटिलेटरवर झोपेच्या औषधात असलेलं बाळ मान हलवत नाही. दाबानं आलेली लाली केसांत लपते, म्हणून दर पाळीला केस बाजूला सारून बघा, बोटानं चाचपा.

लाल जागा 3 सेकंद दाबून सोडा. पांढरी पडून परत लाल झाली तर अजून वेळ हातात आहे. लालच राहिली तर पहिल्या टप्प्याची जखम झालीच. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही. तिथं शेजारपेक्षा गरम किंवा टणक लागतं का बघा. अशी जागा चोळू नका, आतलं आणखी दुखावतं.

दर 2 तासांनी कूस बदला: 30 अंश डावीकडे, पाठीवर, मग 30 अंश उजवीकडे. दोघांनी चादरीसकट उचलायचं, ओढायचं नाही; तिसऱ्यानं फक्त श्वासाची ट्यूब सांभाळायची. बीपी टिकत नसेल तर डॉक्टरांना विचारून नुसतं डोकं थोडं वळवा, खांद्याखालची घडी बदला. डोक्याकडची बाजू वर करण्याआधी गुडघ्याखाली घडी द्या, नाहीतर मूल खाली घसरतं आणि कातडी चादरीला धरून राहते. टाचा अधांतरी हव्यात, म्हणून उशी पोटरीखाली.

घरचे मायेनं डोक्याखाली कापडाची चुंबळ देतात. ती काढा. कडेवर दाब येतो आणि मधल्या भागाचं रक्त अडतं. पाणी भरलेले ग्लोव्हजही नकोत.

मुलांच्या बऱ्याच जखमा गादीनं नाही, यंत्रांनी होतात. सॅच्युरेशनचा (रक्तातला ऑक्सिजन मोजणारा) प्रोब दर 2 ते 4 तासांनी दुसऱ्या बोटावर घ्या. मास्कखाली नाकाचं हाड, ट्यूबच्या पट्टीखाली ओठाचा कोपरा, कॅन्युलाच्या (शिरेतल्या नळीच्या) प्लास्टिकखालची कातडी, हे उचलून बघितल्याशिवाय कळत नाही. फोमचं ड्रेसिंग लावलं असेल तर तेही उचलून बघा. चादर झटका; सुईचं टोपण पाठीखाली तासभर राहिलं तरी त्याचा ठसा उमटतो.

चंदगड, गगनबावड्याहून कोल्हापुरात आणलेल्या लेकराच्या कमरेला करदोटा, हातात मनगट्या असतात. सूज चढली की त्या रुततात. आईला समजावून सोडवा आणि तिच्याच हातात द्या. कात्री लावायची तर आधी विचारा.

लंगोट ओला झाला की लगेच बदला, कातडी टिपून कोरडी करा, झिंकचं मलम पातळ लावा. पावडर नको, कातडीच्या घडीत गोळा होते. ड्युटी बदलताना दोन्ही सिस्टरनी मिळून डोकं, कान, माकडहाड, टाचा बघाव्यात आणि दिसलेली लाली किती सेंटिमीटरची, ते चार्टवर लिहावं.