निवृत्तीनंतर घरबसल्या वाळवण विकायचंय? आधी खोकं ठरवा

निवृत्त माणसाला ऑनलाइन धंद्याबद्दल सल्ला द्यायला अख्खी गल्ली तयार असते. आमच्या नाशिकमधल्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी एक फेरी मारा, परत येईपर्यंत चार योजना ऐकून होतात. कुणी वेबसाइट करा म्हणतं, कुणी रील टाका, तर कुणी पैसे भरून कोर्स लावा. पहिल्या वर्षी यातलं काहीही लागत नाही. फोन, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि मोजपट्टी एवढं पुरतं. ग्रॅच्युइटीला हात लावायचा नाही, हे गृहीतच धरतो.

माल एक किंवा दोनच ठेवा. आम्ही नागलीचे, म्हणजे नाचणीचे पापड आणि गव्हाची कुरडई विकतो. नागली पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यात पिकते आणि तिथल्या बचत गटांकडून पापड तयार मिळतात, त्यामुळे लाटत बसावं लागत नाही. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाळवण घालायला गच्ची नाही, पण आईच्या हातच्या कुरडईची आठवण आहे. गिऱ्हाईक तिथेच आहे.

कागदपत्रं सोपी आहेत. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते. पैसे मागणारी साइट दिसली तर ती बंद करा. खाण्याचा माल आहे म्हणून एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) मूलभूत नोंदणी हवीच. दुसऱ्याकडून घेऊन स्वतःच्या पाकिटात भरत असलात तरी ती लागते. तो चौदा आकडी नंबर पाकिटावर छापा. सोबत शाकाहारी मालाची हिरवी खूण, घटक, निव्वळ वजन, एमआरपी, बॅच, पॅकिंगची तारीख, किती दिवसांत वापरावं आणि तुमचा पत्ता-फोन. पापडावर जीएसटी नाही, मसाल्यावर आहे. उद्या मसाला विकायला घेतलात तर नोंदणीशिवाय तो राज्याबाहेर पाठवता येत नाही.

विक्री व्हॉट्सॲप बिझनेसवरून सुरू करा. फोटो खिडकीपाशी, दिवसाउजेडी काढा. बास.

आता खरी मेख. मालाचा भाव सगळे काढतात, पण पार्सलचा भाव कुणी काढत नाही. मलाही हे गणित सुरुवातीला बसत नव्हतं, कारण मी काट्यावरचं वजन बघत होतो आणि कुरिअरवाला खोक्याचं आकारमान बघत होता. बहुतेक कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजतात, तिन्हींचा गुणाकार करतात आणि 5000 ने भागतात. जो आकडा येईल तो किलो. हा आकडा आणि खरं वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे. पुढे अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी दर चढतो.

कुरडई हलकी पण जागा खाणारी. एक किलो कुरडई 30 बाय 25 बाय 20 च्या खोक्यात घाला: 15000 भागिले 5000, म्हणजे तीन किलोचे पैसे. नफा तिथेच गेला. म्हणून माझा ठाम सल्ला: आधी खोकं ठरवा, मग त्यात बसेल तेवढं पाकीट, आणि भाव सगळ्यात शेवटी. 25 बाय 20 बाय 10 चं खोकं बरोबर एक किलोत बसतं. त्यात नीट रचलेली अर्धा किलो कुरडई मावते. पण त्यासाठी करणाऱ्या बाईंना आधीच सांगावं लागतं की तळहाताएवढी मोठी कुरडई नको, पुरीपेक्षा लहान घाला. लहान कुरडया एकावर एक बसतात, मध्ये पोकळी राहत नाही आणि तुटतातही कमी. पापडाचं काम याहून सोपं: 20 बाय 20 बाय 6 चं खोकं अर्ध्या किलोच्या आत येतं, पण पाकीट 400 ग्रॅमचंच करा, कारण खोकं आणि चिकटपट्टीही काट्यावर चढतात.

खोकं कोंबून भरू नका. फुगलेलं खोकं कुरिअरच्या हबमधल्या (पार्सलं छाटतात त्या केंद्रातल्या) यंत्रावर जिथे जास्त फुगलंय तिथे मोजलं जातं आणि फरकाचे पैसे मागाहून कापले जातात. भांडायचं तर पुरावा लागतो. पार्सल बंद केल्यावर एक फोटो काट्यावर ठेवून आणि तीन मोजपट्टी लावून काढा. हे काम कंटाळवाणं आहे, तरी एकही पार्सल त्याशिवाय घराबाहेर जाऊ देऊ नका. खोकी तीन पदरी चालतात, कुरडईला पाच पदरी घ्या. अंबड आणि सातपूर एमआयडीसीत ती बनवणारे आहेत. एकाच मापाची मागितलीत तर भाव बरा मिळतो.

मग भाव: माल, पाकीट, लेबल, खोकं आणि तुमची मजुरी. पेन्शनवाले मजुरी धरतच नाहीत. ‘वेळ जातो, पुरे’ म्हणतात आणि दुसऱ्या उन्हाळ्यात कंटाळून बंद करतात. कुरिअरचे पैसे वेगळे दाखवा, महाराष्ट्रासाठी एक दर आणि बाहेरसाठी दुसरा. ‘फ्री डिलिव्हरी’ हा शब्द मोठ्यांना परवडतो.

कॅश ऑन डिलिव्हरी अजिबात नको. दार उघडलं नाही की पार्सल परत येतं, दोन्ही बाजूंचं भाडं तुमच्या अंगावर पडतं आणि कुरडईचा चुरा हातात येतो. पैसे आधी यूपीआयवर घ्या, धंद्याचं खातं वेगळं ठेवा. पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही, एवढं घरातल्या दोघांनाही पाठ असू द्या. मोठी ऑर्डर देऊन ‘हा कोड स्कॅन करा, ॲडव्हान्स येईल’ म्हणणारा हमखास भेटतो, बरेचदा लष्करातला असल्याचं सांगतो. फोन ठेवा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930 हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर लावा.

जुलै-ऑगस्टमध्ये कुरडई पाठवणं बंद ठेवा. ती वाटेतच सादळते. पापड हवाबंद पिशवीत चालतात. ऑर्डर आलीच तर सप्टेंबरची तारीख द्या. दिवाळीआधी मागणी वाढते, आणि एप्रिलमध्ये घातलेला माल तेव्हा कमी पडतो. म्हणून पुढच्या उन्हाळ्याचा माल बचत गटाला फेब्रुवारीतच सांगून ठेवा.