पुशगेटवेवर पुट की पोस्ट? या चुका टाळा

सिस्टिमवर नजर ठेवणारा प्रोमिथियस स्वतः येऊन मेट्रिक्स, म्हणजे मोजलेले आकडे, वाचून नेतो. रात्री दोनला सुरू होऊन पाच मिनिटांत संपणारा बॅच जॉब त्याच्या हाती लागेलच असं नाही, म्हणून मध्ये पुशगेटवे बसवतात: जॉब आपले आकडे तिथे ठेवतो, प्रोमिथियस ते तिथून उचलतो. इथवर सगळं ठीक असतं. पुढे घाई नडते.

पुट आणि पोस्ट या पुशगेटवेकडे आकडे पाठवायच्या दोन एचटीटीपी पद्धती. सगळ्यात महाग पडते ती डोळे मिटून पुट वापरण्याची चूक. जॉबचं नाव आणि इतर ग्रुपिंग लेबलं (पाठवताना लावलेल्या ओळखचिठ्ठ्या) यांचा मिळून एक ग्रुप होतो. पुट त्या ग्रुपमधलं जुनं सगळं पुसतो आणि तुम्ही पाठवलंत तेवढंच ठेवतो. पोस्ट फक्त त्याच नावाचं मेट्रिक बदलतो, बाकीच्यांना हात लावत नाही. पायथनमध्ये 'पुश टू गेटवे' म्हणजे पुट, 'पुशॲड टू गेटवे' म्हणजे पोस्ट. नवीन मंडळी पहिलं उदाहरण उचलतात आणि मोकळी होतात. याचा मला खरंच राग येतो, कारण फरक समजून घ्यायला दहा मिनिटं पुरतात.

मी पूर्वी जिथे होतो, तिथे डेटाबेसच्या बॅकअपचा जॉब यशस्वी झाला की यशाची वेळ पाठवायचा, आणि फसला तरी किती सेकंद चालला ते पाठवायचा. दोन्ही पुटनं. शेवटच्या यशाला 26 तास उलटले की अलर्ट. एका रात्री डिस्क भरली, बॅकअप फसला, आणि फसलेल्या जॉबच्या पुटनं आदल्या दिवशीची यशाची वेळच पुसून टाकली. मेट्रिकच नाही, तर आत्ताच्या वेळेतून वजा काय करणार? उत्तर रिकामं आलं, आणि रिकाम्या उत्तरावर अलर्ट वाजत नाही. चार रात्री असंच चाललं. पाचव्या दिवशी चुकून उडालेलं एक टेबल परत हवं होतं, तेव्हा उघड झालं. त्या टीमचे पडलेले चेहरे मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून यशाची वेळ मी काम फत्ते झाल्यावरच रजिस्ट्रीत (पाठवायच्या मेट्रिक्सच्या संचात) घालतो आणि पोस्टनं पाठवतो. शिवाय ते मेट्रिकच गायब झालं तर वाजणारा 'ॲबसेंट'चा अलर्ट वेगळा लावतो.

पण पोस्ट म्हणजे भर घालणं, असंही समजू नका. एकाच नावाचं मेट्रिक आधी ग्राहकांच्या टेबलासाठी, मग ऑर्डरींच्या टेबलासाठी पोस्ट केलंत, तर शेवटचंच उरतं, लेबल वेगळं असलं तरी. टेबलाचं नाव ग्रुपिंगमध्ये घ्या, नाहीतर सगळी टेबलं एकाच वेळी पाठवा.

काउंटरची, म्हणजे वाढत जाणाऱ्या मोजणीची, बेरीजही पुशगेटवे करत नाही. मेट्रिकचं नाव बदललंत आणि पोस्टच करत राहिलात, तर जुनं नाव तिथेच पडून राहतं. तो ग्रुप डिलीट करा. प्रोमिथियसच्या स्क्रेप कॉन्फिगमध्ये (कुठून वाचायचं ते सांगणाऱ्या सेटिंगमध्ये) 'ऑनर लेबल्स' चालू ठेवा, म्हणजे तुम्ही लावलेली लेबलं तशीच राहतात. कर्ल या कमांडनं फाइल पाठवताना 'डेटा बायनरी'च वापरा, साधा 'डेटा' ओळी तोडणारी चिन्हं खातो.

नवा जॉब लावला की मी तो एकदा मुद्दाम पाडतो, आणि 9091 पोर्टवरचं पान उघडून यशाची वेळ जागेवर आहे का ते बघतो.