पोकेमॉन रेडमधले लपेल आकडे कसे वापराचे

लाइन गेली का मोबाइल घेऊन पोकेमॉन रेड (पोकेमॉन नावाचे प्राणी पकडून लढवाचा गेम) खेळत बसनाऱ्या पोट्ट्यांनो, नुसती लेवल पाहू नका. हरेक पोकेमॉनले अटॅक, डिफेन्स, स्पीड अन् स्पेशलचा ० ते १५ असा लपेल आकडा भेटल्यापासूनच असते, अन् एचपीचा (म्हंजे जीव किती त्याचा) त्या चारवरूनच निंघते, म्हंजे अटॅकचा विषम असन तं ८, डिफेन्सचा ४, स्पीडचा २, स्पेशलचा १, करा बेरीज. मंग लढाया. ज्याले हरवलं त्याचे बेस आकडे (त्या जातीचे ठरेल आकडे) आपल्यात जमा होतेत, एकेकात ६५,५३५ पर्यंत, म्हून निस्त्या लेवल वाढवनाऱ्या कँडी चारून वाढवेल गडी त्याच लेवलवर पुचाट निंघते. क्रिटिकल हिट (जादा जोराचा वार) बेस स्पीडवर हाय, पर्शियन नावाच्या पोकेमॉनचा स्लॅश हा वार तं जवळपास दरवेळी क्रिटिकल! क्रिटिकल वाढवाचा फोकस एनर्जी हा डाव मात्र वापरूच नोका बे, गेममधल्या बगमुळं (चुकीमुळं) क्रिटिकल उलटे कमी होतेत.