काळ्या वाळूच्या बेटाभोवती समुद्रतळाचा नकाशा कसा करावा

ज्वालामुखी बेटाभोवती काम करताना पहिला सल्ला: उपग्रहचित्रातल्या गडद रंगावर भरवसा ठेवू नका. लक्षद्वीपला पांढऱ्या वाळूवर प्रवाळ लगेच उठून दिसतं. अंदमानच्या बॅरन बेटाभोवती वाळूच काळी, बेसाल्टची. वाळू, प्रवाळ, शेवाळ, सगळं वरून सारखंच दिसतं. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं मोफत मिळतात, १० मीटर पिक्सेलची. ती किनारा आणि लाव्हाच्या हद्दी आखायला वापरा. तळावर काय आहे ते पाण्यात उतरूनच ठरवा.

वनखात्याची परवानगी आधी काढा. हे अभयारण्य आहे.

मग खोली. बेट जेमतेम तीन किलोमीटर रुंद, पण पायथा दोन हजार मीटरहून खोल. तळ किनाऱ्यापासूनच कोसळत जातो. म्हणून होडी किनाऱ्याला काटकोनात न्या. साधा एकोसाउंडर, म्हणजे ध्वनी सोडून खोली मोजणारं यंत्र, अशा उतारावर फसवतो: वरच्या बाजूच्या खडकाचा प्रतिध्वनी आधी परत येतो आणि खोली खऱ्यापेक्षा कमी दिसते. मल्टीबीम, म्हणजे एकाच वेळी अनेक ध्वनिकिरणांनी तळाचा रुंद पट्टा मोजणारा एकोसाउंडर, मिळाला तर उत्तमच. भरती-ओहोटीची दुरुस्ती मात्र दोन्हीकडे करायचीच.

आता माझ्या जिव्हाळ्याचं काम, कॅमेरा. दोरीला वजन आणि कॅमेरा बांधून प्रत्येक खोलीच्या टप्प्यावर सोडा. होडी वाहत राहते, म्हणून जीपीएसची वेळ आणि कॅमेऱ्याची वेळ आधीच जुळवून ठेवा. पडद्यावर निव्वळ काळी घसरण दिसते, मग अचानक एखादा धोंडा, त्यावर गुलाबी चुनखडी शेवाळाचा पातळ थर. तो थर नीट नोंदवा. प्रवाळाची पिल्लं बऱ्याचदा अशाच जागी रुजतात. सुट्या राखेवर ती टिकत नाहीत, कारण पाया सरकत राहतो.

डायव्हिंगच्या खोलीत ५० मीटरची फीत समान खोलीवर पसरा, उतारावरून खाली नको. ठरावीक अंतरावर तळावर चौकट ठेवून तिच्या आतल्या भागाचे फोटो घ्या. माशांची मोजणी फीत पसरतानाच करा, नंतर ते बुजतात. तुकडा तोडून आणू नका. प्रवाळाला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. नांगरही प्रवाळावर टाकू नका.

क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तळाचे वर्ग मोजकेच ठेवा: जुना लाव्हा, नवा लाव्हा, धोंडे, सैल वाळू, प्रवाळ. पाहणीचे काही बिंदू नकाशा बनवताना वापरूच नका, तपासणीसाठी राखून ठेवा. आणि कोपऱ्यात सर्वेक्षणाची तारीख ठळक घाला. हा ज्वालामुखी १९९१पासून पुन्हा जागा आहे. पुढच्या उद्रेकाचा लाव्हा समुद्रात उतरला, तर तेवढा भाग नव्यानं मोजावा लागेल.