आठ जणांची, आठ दिवसांची ड्युटी लिस्ट

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका मध्यम हॉस्पिटलात आरएमओंची, म्हणजे पाळीने ड्युटी करणाऱ्या डॉक्टरांची, ड्युटी लिस्ट मी लावते. हे काम ज्यांच्या गळ्यात नव्याने पडलंय, त्यांच्यासाठी.

नावं नंतर, आधी हिशेब. एक जागा चोवीस तास चालवायची म्हणजे आठवड्याचे १६८ तास. केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तास अशी मर्यादा आहे. ती सरकारी रेसिडेंटांसाठी असली तरी मी तोच आकडा धरते. १६८ भागिले ४८, साडेतीन. कॅज्युअल्टी आणि आयसीयू मिळून सात डॉक्टर.

मॅनेजमेंट इथेच खूश होतं. तुम्ही होऊ नका. आठ ते दोन, दोन ते आठ आणि रात्रीची बारा तासांची नाइट, या पाळ्या सात जणांत वाटल्या तर प्रत्येकाला दोन सकाळ, दोन दुपार, दोन नाइट येतात. उरलेल्या सातव्या दिवशी तो नाइट संपवून सकाळी आठला सुटलेला असतो. दुपारपर्यंत झोपण्यात गेलेला दिवस तुम्ही ‘ऑफ’ म्हणून दाखवणार का?

म्हणून आठवा माणूस मागून घ्या, तोंडी नाही, कागदावर. मग चक्र आठ दिवसांचं होतं: सकाळ, सकाळ, दुपार, दुपार, नाइट, नाइट, झोप, खरा ऑफ. प्रत्येकाला एकेक दिवस पुढे सरकवून बसवलं की रोज प्रत्येक पाळीला बरोबर दोघं मिळतात. क्रम उलटा फिरवू नका. झोप पुढे ढकलणं शरीराला त्यातल्या त्यात जमतं, अलीकडे ओढणं जड जातं. आठाचं चक्र असल्याने वारही फिरतात आणि रविवारवरून भांडणं होत नाहीत.

मेगाब्लॉकच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद असण्याच्या, रविवारी दुपारी दोनची ड्युटी मात्र ठाण्यातल्याच कुणाला तरी द्या.

गणपतीत हे चक्र मोडतंच. आमचा एक डॉक्टर दरवर्षी म्हणतो, “मॅडम, दिवाळीच्या सगळ्या नाइट लावा, पण गौरी जाईपर्यंत मला सावंतवाडीतून हलवू नका.” अशी माणसं सोन्यासारखी; त्यांचा शब्द लगेच वहीत उतरवून घ्या. गेल्या वर्षी सणाला कोण घरी होतं तेही त्याच वहीत. ओणम बरेचदा याच सुमारास येतो, तेव्हा नेरूळच्या मल्याळी डॉक्टरला गृहीत धरू नका.

अदलाबदल फक्त ग्रुपवर, दोघांनीही लिहून. आणि लिस्टच्या डोक्यावर ठळक छापा: ‘१४ ची नाइट म्हणजे १४ ला रात्री ८ वाजता सुरू होणारी.’ ही एक ओळ नसली की १३ च्या रात्री एकाच जागेवर दोघं हजर आणि १४ ला तिथे कुणीच नाही.

रोजच्या तारखेसमोर एक स्टँडबाय हवा, तोही रिक्षाने येण्याच्या अंतरावरचा. जुलैत रुळांवर पाणी आलं की बदलापूरचा स्टँडबाय असून नसल्यासारखा. रिलीव्हर येईपर्यंत जो थांबला त्याचे जादा तास त्याच दिवशी लिहा आणि पुढच्या लिस्टमध्ये ऑफ देऊन फेडा.