टाइल लावण्याआधी: बाथरूमची सीपीव्हीसी लाइन आणि तिची प्रेशर टेस्ट

दोन मजली बंगल्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तळमजल्याच्या नळापेक्षा साधारण 7 मीटर उंच असतं. म्हणजे नळाशी दाब मिळतो जेमतेम 0.7 किलो (दर चौरस सेंमीला). एवढ्या दाबावर अर्धवट चिकटलेला जॉइंटही कोरडाच दिसतो. पुढे प्रेशर पंप बसतो, दाब वाढतो आणि पलीकडच्या खोलीतला रंग फुगायला लागतो. तोवर टाइल लागून गेलेली असते. म्हणून टाकीचं पाणी सोडून पाहणं ही टेस्ट धरू नका. हातपंपाने 10 किलो दाब देऊन गेजचा (दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा) काटा टिकला, तरच गवंड्याला झिरी (पाइपसाठी भिंतीत कोरलेली खाच) बुजवायला सांगा.

आधी सामान. गरम-गार दोन्हीसाठी सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक) एसडीआर 11 (पाइपच्या जाडीचा वर्ग) घ्या, पाइपवर आयएस 15778 छापलेलं असतं. मेन लाइन 20 मिमी, फाटे 15 मिमी. नेहमीच्या बाथरूममध्ये वॉल मिक्सरचे 2, गीझरचे 2, बेसिनचे 2, बादलीचा नळ 1, जेट 1 आणि फ्लश टँक 1 असे 9 पॉइंट निघतात. म्हणजे 9 ब्रास एल्बो (पितळी आट्यांची काटकोनी फिटिंग) लागतील. नळ जिथे आटे घालून बसतो तिथे पितळी आट्यांचंच फिटिंग हवं, प्लास्टिकचे आटे दोन-तीनदा नळ बदलला की झिजतात. पाइप, फिटिंग आणि सोल्युशन (जॉइंट चिकटवायचं द्रावण) एकाच कंपनीचं घेतलं तर मापं नीट जुळतात. पांढऱ्या यूपीव्हीसीचं सोल्युशन सीपीव्हीसीला चालत नाही. दुकानदाराने दिलेला डबा वाचूनच पिशवीत टाका.

पॉइंटची मापं तयार टाइलपासून धरायची असतात. प्लास्टर, चिकटवायचा थर आणि टाइल मिळून 25 ते 30 मिमी होतात, तेवढं एल्बोचं तोंड भिंतीबाहेर ठेवा. मिक्सरच्या दोन तोंडांत मध्यापासून मध्यापर्यंत 150 मिमी अंतर, दोन्ही लेव्हलमध्ये, डावीकडे गरम. हे चुकलं तर मिक्सर तिरका बसतो आणि टाइल फोडल्याशिवाय सुधारत नाही.

जॉइंट

सोल्युशन हे नुसतं डिंकासारखं चिकटवत नाही. ते पाइप आणि सॉकेट (फिटिंगचं तोंड, ज्यात पाइप जातो) दोन्हींचा पृष्ठभाग मऊ करून एकजीव करतं. धूळ, पाणी किंवा तेलाचा हात मध्ये आला की ते काम अर्धवट राहतं. जॉइंट गळण्याचं नेहमीचं कारण हेच.

पाइप कटरने काटकोनात कापा. आतली-बाहेरची कूस काढा, कडेला हलका उतार द्या. सोल्युशन न लावता फिटिंग घालून पाहा: पाइप सॉकेटच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश आत सहज जाऊन अडला पाहिजे. ढिला तळापर्यंत गेला तर तो जोड टाकून द्या. कोरड्या फडक्याने पुसा. पाइपला भरपूर सोल्युशन, सॉकेटला पातळ हात. सॉकेटमध्ये जास्त ओतलं तर ते आत साचतं आणि 15 मिमीच्या पाइपची वाट अडवतं. लगेच आत ढकलत पाव फेरा द्या आणि 30 सेकंद दाबून धरा. सोडलात तर पाइप मागे सरकतो. कडेला सोल्युशनची सलग कडी दिसली तर जॉइंट भरला. घट्ट झालेल्या सोल्युशनमध्ये थिनर घालू नका.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा पहाटे दहाच्या खाली उतरतो, तेव्हा सोल्युशन सावकाश वाळतं. एरवी टेस्टआधी 24 तास थांबा, या दिवसांत 48.

पितळी आट्यांवर टेफलॉन टेपचे 10–12 वेढे आट्यांच्या दिशेने. सुतळी-सफेदा (सुतळीला तेलकट पांढरा लेप) नको: सुतळी फुगून फिटिंगला आतून ताण देते आणि तेलकट माल सीपीव्हीसीला कमकुवत करतो. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने एक-दीड फेरा पुरे.

गच्चीवरून येणारी सोलरची लाइन

नाशिकच्या बंगल्या-रो हाउसांवर सोलर हीटर सर्रास दिसतात, आणि चूक इथेच जास्त होते. सीपीव्हीसी दर मीटरला, दर अंशाला 0.063 मिमी वाढतं. थंडीच्या सकाळी 15 अंशांवर असलेल्या 9 मीटर पाइपात 65 अंशांचं पाणी आलं की तो 28 मिमी लांबतो. दोन्ही टोकं आवळलेली असतील तर हा ताण एल्बोवर येतो. मध्ये एक वळसा द्या आणि क्लॅम्प असे लावा की पाइप त्यातून सरकेल. आडव्या लाइनला 15 मिमीसाठी सुमारे 90 सेंमीवर एक क्लॅम्प. वापर नसताना सोलरमधलं पाणी 82 अंशांच्या वर जाऊ शकतं, म्हणून टाकीपासूनचा पहिला दीड मीटर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप) ठेवा. उन्हातल्या पाइपला पाण्यातला इमल्शन रंग मारा, ऑइल पेंट नको.

प्रेशर टेस्ट

गीझर, मिक्सर, अँगल कॉक, फ्लेक्सिबल पाइप काहीच जोडलेलं नको. गीझरचे दोन पॉइंट दोन एमटीए (बाहेरून आटे असलेले जोड) आणि पाइपच्या तुकड्यांचा यू करून जोडा, म्हणजे गरम-गार एकत्र तपासलं जातं. एका पॉइंटला पंप, उरलेल्या सहांना डमी प्लग. गेज 0 ते 16 किलोचा घ्या. 40 किलोच्या गेजवर अर्ध्या किलोची घट दिसतच नाही.

पाणी खालून भरा आणि सर्वांत वरचा प्लग ढिला ठेवा. बुडबुडे थांबून सलग धार आली की तो आवळा. हवा राहिली तर काटा डोलत राहतो. कॉम्प्रेसरने हवेची टेस्ट अजिबात करू नका: पाइप फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात.

3 किलोवर थांबून सगळे जॉइंट बोटाने चाचपा, मग 6, मग 10. पहिल्या अर्ध्या तासात काटा थोडा उतरतो, कारण प्लास्टिक ताणलं जातं. पुन्हा 10 वर न्या आणि तिथून 2 तास मोजा. काटा हलायला नको. रात्रभर ठेवलंत तर गारव्याने दाब उतरतो, म्हणून तुलना दुसऱ्या दिवशी त्याच वेळी करा. घट दिसली तर आधी पंपाचा व्हॉल्व्ह आणि प्लग तपासा. गळका चिकटवलेला जॉइंट वरून सोल्युशन चोपडून थांबत नाही. तो कापून कपलर घालून नवा करावा लागतो.

टेस्ट झाल्यावर 3 किलो दाब तसाच ठेवून गेज भिंतीवर राहू द्या. प्लास्टर करताना कुणी खिळा किंवा ड्रिल पाइपात घातलं तर काटा तिथल्या तिथे सांगतो. झिरी बुजवण्याआधी मोजायची टेप लावून भिंतीचे फोटो काढा. पुढे आरसा लावणाऱ्याला तेच उपयोगी पडतील.

ड्रेनेजचं थोडक्यात: एसडब्ल्यूआर (सांडपाण्याच्या) पाइपला 40 ते 60 सेंमीमागे 1 सेंमी उतार. रबर रिंगच्या जोडात साबणाचं पाणी लावून पाइप तळापर्यंत घाला आणि 10 मिमी मागे ओढा. खालचं तोंड बंद करून नहाणी ट्रॅपच्या कडेपर्यंत पाणी भरा, खूण करा, तासाभराने पाहा. नळ लावण्याआधी सगळे पॉइंट उघडून लाइन जोरात धुऊन घ्या, नाहीतर कापताना पडलेला चुरा मिक्सरच्या जाळीत अडकतो.