नवीन कोच कोण? फॉरवर्ड करायच्या आधी एवढं बघा

कुठल्यातरी फुटबॉल क्लबनं कोच काढला की अर्ध्या तासात ग्रुपवर दहा नावं पडतात. आमच्या बेळगावात तर हे जरा जास्तच, कारण अर्धी पोरं बेंगळुरू एफसीवाली, उरलेली चोर्ला घाट उतरून फातोर्ड्याला एफसी गोवाची मॅच बघायला जाणारी, आणि रात्री बारानंतर सगळेच मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल नाहीतर रियल माद्रिदचे. मग पहाटे कोणतरी "कन्फर्म हाय बा" म्हणून स्क्रीनशॉट टाकतो आणि सकाळी कॅम्पात चहाच्या गाड्यावर त्याच्यावरनं वादावादी चालू. बाजारात तुरी, भट भटणीला मारी. तर अशी बातमी आली की ती खरी किती ते कसं तपासायचं ते सांगतो, मी तरी असंच बघतो.

पहिलं म्हणजे नाव विसरा, करार बघा. नाव कुणीपण घेऊ शकतो, त्याला पैसे पडत नाहीत. करार मात्र कागदावर असतो. तो माणूस सध्या कुठं आहे, करार कधी संपतो (युरोपात बहुतेक ३० जूनला), त्याला सोडवायला रिलीज क्लॉज (म्हणजे ठरलेली रक्कम भरली की सोडायचं, असं करारातलं कलम) आहे का क्लबाक्लबात बसून भरपाई ठरवायला लागणार, एवढं गुगलवर पाच मिनिटांत मिळतं. आणि एक लक्षात ठेवा, ट्रान्सफर विंडो खेळाडूंना असते, कोचला नाही. कोच कधीपण जाऊ शकतो, म्हणून तर ह्या अफवांना सीझन नसतो, बाराही महिने पीक.

अमोरिमचंच घ्या की, तवा तो पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबचा कोच. २०२४ मध्ये २८ ऑक्टोबरला युनायटेडनं आपला कोच टेन हागला काढलं आणि लगेच नावांचा पाऊस, हा येणार तो येणार. पण दुसऱ्याच दिवशी स्पोर्टिंग क्लबनं पोर्तुगालच्या शेअर बाजार नियामकाला रीतसर कळवलं की युनायटेड अमोरिमसाठी १ कोटी युरोचा रिलीज क्लॉज भरायला तयार आहे. स्पोर्टिंग शेअर बाजारात लिस्टेड आहे, त्यामुळं अशी गोष्ट त्यांना लपवून ठेवता येत नाही, आणि तिथं खोटं बोलून चालत नाही. ज्यानं ते पत्रक वाचलं त्याला बाकीचे शंभर ट्विट वाचायची गरजच नव्हती. तवा क्लब लिस्टेड असला (युनायटेड न्यूयॉर्कला आहे, डॉर्टमुंड जर्मनीत, युव्हेंटस इटलीत) तर आधी तिकडं काय फायलिंग झालंय का बघायचं, मग पत्रकार, मग सगळ्यात शेवटी तुमचा तो ग्रुपवरचा काका.

आता बातमी कुठल्या पायरीवर आहे ते ओळखायचं. लग्न ठरवतात तसंच असतं हे, नुसतं स्थळ सुचवलंय, बघण्याचा कार्यक्रम झालाय, का याद्यांवर सह्या झाल्यात, ह्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. "चर्चेत आहे", "लक्ष ठेवून आहेत", "यादीत नाव आहे" ही सगळी नुसती स्थळं. प्रत्येक मोठ्या क्लबाची यादी कायमच तयार असते, कोच चांगला चालला असला तरी. "एजंटशी बोलणी झाली" म्हणजे बघणं झालं. "तोंडी होकार, भरपाईवर क्लबांचं बोलणं चालू" इथं आलं की मग जरा सरसावून बसा. आणि ट्रान्सफरच्या बातम्या देणारा पत्रकार फाब्रिझिओ रोमानो, त्याचं "हिअर वी गो" साधारण याद्या झाल्यावर येतं, तोवर जे काय येतंय ते वाचायला मजा, पुढं पाठवायला नको.

स्थळं कशी उडून जातात ते बघायचं असेल तर जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबची २०२४ ची गोष्ट आहे. फेब्रुवारीत ठरलं की कोच टुखेल सीझन संपला की जाणार. सगळे म्हणाले लेव्हरकुसेनचा कोच झाबी आलोन्सो, झालंच म्हणून समजा, लिव्हरपूलवाले पण तेच म्हणत होते कारण त्यांचा कोच क्लॉप जानेवारीतच जातो म्हणालेला. मार्च संपता संपता आलोन्सोनं स्वतः सांगितलं, मी लेव्हरकुसेनलाच राहणार. मग जर्मनीच्या टीमचा कोच नागल्समान, त्यानं एप्रिलमध्ये तिथलाच करार वाढवून टाकला. मग ऑस्ट्रियाच्या टीमचा कोच रांगनिक, तो मे महिन्यात म्हणाला मी ऑस्ट्रिया सोडत नाही. शेवटी २९ मेला आला कोण तर व्हिन्सेंट कोंपनी, ज्याची टीम बर्नली त्याच सीझनला प्रीमियर लीगमधनं खाली गेलेली! फेब्रुवारीत हे नाव कुणी घेतलं असतं तर "काय सांगूलास रे" म्हणून ग्रुपमधनं काढलं असतं त्याला. लिव्हरपूलला पण आर्ने स्लॉट आला.

ह्यातनं तिसरी गोष्ट, ही बातमी बाहेर आली तर फायदा कुणाचा ते विचारा. कोचचा करार वाढवायची बोलणी चालू असताना मोठ्या क्लबाचं नाव त्याच्याशी जोडलं गेलं तर पगार वाढवून घ्यायला बरं पडतं, म्हणून एजंट स्वतःच पिल्लू सोडतात. क्लबपण सोडतात, पब्लिक काय म्हणतंय बघायला. सट्टेवाल्यांचे भाव बदलले ही तर बातमीच नव्हे, असल्या मार्केटला पैसा थोडा असतो, चार जणांनी लावले तरी भाव पडतो. आणि ते विमान ट्रॅक करणारे वेगळेच. आमच्या सांबऱ्याच्या विमानतळावर पण विमानं उतरतात, आत कोण बसलंय ते बाहेरनं दिसतंय का?

फोटो आला तर फोन जवळ घेऊन, मोठा करून बघा, घाई नको. गळ्यात क्लबचा स्कार्फ असेल तर जिथं स्कार्फ कॉलरला लागतो ती कड बघा, चिकटवलेला असला की तिथं एक पुसट रेघ नाहीतर धुरकट पट्टा दिसतो. मागच्या बोर्डावरची स्पॉन्सरची अक्षरं वाचा, एआयनं केलेल्या फोटोत बऱ्याचदा मोठं अक्षर बरोबर येतं आणि बारीक अक्षरांचा लगदा होतो. टी-शर्टवर मागल्या वर्षीचा स्पॉन्सर आहे का बघा. मग तोच फोटो गुगल लेन्सवर टाका, निम्म्या वेळेला जुन्याच क्लबातल्या सहीचा फोटो रंग बदलून आलेला असतो. अकाउंटचं हँडल अक्षर अक्षर वाचा, ओ च्या जागी शून्य असतो कधीकधी. ट्विटरवरची (आताचं एक्स) निळी टिक बघून हुरळू नका, ती २०२२ पासून पैसे भरून मिळत्येय.

आपल्याकडं तर अजून गंमत. २०२५ च्या जुलैत भारताच्या टीमच्या कोचसाठी आपल्या फुटबॉल फेडरेशनकडं १७० अर्ज आले, आणि त्यात बार्सिलोनाचा माजी कोच झावीचं नाव आहे हे खुद्द फेडरेशनच्या माणसाकडनंच बाहेर आलं! दोन दिवस नुसता धुरळा. मग फेडरेशननंच खुलासा केला की मँचेस्टर सिटीवाला ग्वार्डिओला आणि झावीच्या नावानं आलेले ते ईमेल खरे नव्हते. तवा ऑफिसातल्या माणसानं सांगितलं म्हणून पण लगेच नाचायचं नाही, ईमेल कुणीपण कुणाच्यापण नावानं पाठवू शकतो. शेवटी १ ऑगस्टला खालिद जमील झाला, जमशेदपूरचा कोच, ज्यानं २०१७ ला ऐझॉलला आय-लीग जिंकून दिलेली.

म्हणून इंडियन क्लबांच्या बाबतीत परदेशी मोठ्या नावापेक्षा आधी बेंचवर बघा, असिस्टंट कोण आहे. बेंगळुरूनं २०१८ ला कोच रोका गेल्यावर त्याचाच असिस्टंट कुआद्रात घेतला, आणि त्याच सीझनला आयएसएल (इंडियन सुपर लीग) जिंकली. आणि कोचिंगचं सगळ्यात वरचं प्रो लायसन्स आहे का तेवढं तपासा, नसेल तर नाव कितीपण मोठं असू दे, आयएसएलला हेड कोच म्हणून बसणं अवघड.

पैज लावायचीच असेल तर पैशावर नको, पाव किलो कुंद्यावर लावा, पण कधी जिंकली धरायचं ते आधी ग्रुपवर लिहून घ्या. क्लबच्या साइटवर नाव आल्यावर का पहिल्यांदा बेंचवर बसल्यावर? अमोरिमचं नाव १ नोव्हेंबरला जाहीर झालं आणि ५ ला तो स्पोर्टिंगच्याच बेंचवर बसून मँचेस्टर सिटीला ४-१ नं हरवत होता, युनायटेडला आला तो ११ ला. आमच्याकडं त्या दहा दिवसात कुंदा कुणी आणायचा ह्यावरनं लई तापलेलं.